बर्फातली आंघोळ

डोंगर उलटा लागला. सगळा पांढरा डोंगर छताकडून खाली लोंबत राहिला, त्याच्याखाली निळं आभाळ, आणि झाडं शेंड्यांवर उभी. मे महिन्यातला रविवार, दुपारचे तीन. कॉलनीच्या शाळेतल्या मोठ्या वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या ठोकल्या होत्या आणि आत शंभरेक माणसं पदरानं, रुमालानं, हातातल्या कागदानं वारा घेत तो उलटा डोंगर बघत होती. तो उलटा आहे हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बर्फाचा डोंगर असाच असेल असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या आईनंसुद्धा. आमच्या वीज प्रकल्पावर आलेले परदेशी इंजिनिअर हॅन्सन साहेब इंग्रजीत माफी मागत फोटो पडद्यावर पाडणाऱ्या मशिनकडे वळले, पण त्यांच्याआधीच आत्मारामनं काच बाहेर काढली होती. आत्माराम आमच्या कॉलनीचा वायरमन, चिंचणीकडचा. "थांबा साहेब, सगला बरफ सांडंल," तो म्हणाला, आणि काच फिरवून त्यानं पुन्हा आत सरकवली.

खट्.

डोंगर सुलट झाला. चित्रात खाली, डाव्या बाजूला, मी उभा होतो.

मी म्हणजे तो. दुसऱ्याचा तपकिरी कोट, कानांवरून खाली ओढलेली लोकरीची टोपी, पायांत त्या लांब लाकडी पट्ट्या, ज्यांच्यावर उभं राहून तिकडची माणसं बर्फावरून घसरत खाली येतात. एका हातात काठी. दुसरा हात छातीवर डाव्या बाजूला सपाट ठेवलेला, जसा आपण झाकणावर ठेवतो, आत काहीतरी उतू जात असताना. त्याची नजर कॅमेऱ्याकडे नव्हती. हा फोटो काढला आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवसाला साक्षीदार नाही असं मी सव्वा वर्ष समजत होतो, आणि तो आठ फूट उंच होऊन माझ्या आईसमोर उभा राहिला होता. हॅन्सन साहेब काहीतरी बोलले आणि स्वतःच हसले. ड्रॉइंग ऑफिसातल्या धर्माजीनं माझ्याकडे बोट करून मराठी करून सांगितलं: साहेब म्हणतात, ह्या भगवंताला आमचा डोंगर इतका भावला की आम्ही राष्ट्रगीताला ठेवतो तसा त्यानं छातीवर हात ठेवला. वर्ग हसला. आत्माराम मशिनमागून म्हणाला, "यातला निम्मा बरफ सातपाटीला दिला असता त एक पापलेट नासला नसता." वर्ग आणखी हसला. माझी बायको सुगंधा हसली, तिच्या मांडीवरची मंदा सगळे हसतात म्हणून हसली. आई हसली नाही. ती माझ्या कानाशी आली. तिच्या तोंडाला बडीशेपेचा वास होता.

"खिशात काय होतं रे?"

काही नाही, मी म्हणालो.

खट्. नुसती झाडं. खट्. हॅन्सन बाई, गॉगल लावून. खट्. पुन्हा डोंगर, या वेळी लांबून, खाली लहानसं शहर: चर्चचा सुळका, नदी, आणि कारखान्याच्या तीन चिमण्या, जिथे टर्बाइनं बनतात. शहर म्हणायचं, पण आमच्या परभणीएवढंच. प्रकल्पानं आम्हा चौघांना तिथे सात महिन्यांसाठी शिकायला पाठवलं होतं. बाकीचे तिघे एकत्र राहत. मी एका म्हाताऱ्या बाईंच्या माडीवर राहत होतो, कारण चौघांत मी एकटाच भाकरीसाठी हळहळत असे आणि बाकीच्यांना त्याचा कंटाळा आला होता. सुगंधा आणि मंदा तेव्हा गावी, आईजवळ. मंदा दीड वर्षाची. पहिल्या तीन महिन्यांत मी दर आठवड्याला पत्र लिहिलं. मग लिहिणं थांबलं. का थांबलं ते सांगता येत नाही. थंडी म्हणा. दुपारी चार वाजता अंधार पडायचा, आणि लिहायला बसलं की समोर आमचा गुरांचा वाडगा, कडब्याची गंजी, उन्हात पाय पसरून बसलेली आई असं यायचं, आणि ते इतकं लांबचं आणि लहान दिसायचं की त्याला उद्देशून 'इकडे सर्व कुशल' असं लिहिताना खोटं बोलल्यासारखं वाटायचं. दोन महिने मी काही लिहिलं नाही. तिकडून येणारी पत्रं वाचत होतो. ती थोरला भाऊ रामकिसन लिही, आई सांगे तसं.

त्या शनिवारी सकाळी हॅन्सन साहेबांची गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली. डोंगर दाखवतो असं त्यांनी महिनाभर आधी कबूल केलं होतं. मी जिना उतरून बाहेर आलो, सवयीनं फाटकाजवळच्या टपालपेटीत हात घातला. निळं हवाई पत्र. रामकिसनचं अक्षर. आणि उजवीकडचा वरचा कोपरा फाटलेला.

आमच्याकडे मयताचं पत्र कोपरा फाडून टाकतात. ते घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, तिथेच फाडून टाकायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मगच आत पाऊल टाकायचं. लहानपणी पोस्टमन अशी पत्रं हातात देत नसे, ओट्यावर ठेवून न बोलता पुढे जाई, आणि घरातलं मोठं माणूस येईपर्यंत आम्ही पोरं त्या कागदापासून चार हात लांब, विंचवापासून उभं राहावं तसे उभे राहत असू. फाटका कोपरा वाचायला अक्षरओळख लागत नाही. आईला एक अक्षर येत नाही, पण तो तिला वाचता येतो.

मी फाटकाच्या बाहेरच उभा होतो. म्हणजे जागा बरोबर होती. पत्र उघडायला एवढंच हवं असतं. गाडीचा भोंगा एकदा वाजला, हळू, आपुलकीनं. हॅन्सन बाईंनी आतून दार उघडून धरलं होतं आणि त्यांच्या मांडीवर माझ्यासाठी आणलेला कोट होता. मी पत्र शर्टाच्या खिशात ठेवलं, वर स्वेटर, वर कोट, आणि गाडीत बसलो. नंतर मी स्वतःला बरीच कारणं दिली. परक्या माणसांसमोर कसं रडायचं. त्यांचा सुटीचा दिवस कशाला नासवायचा. बातमी बारा-तेरा दिवस जुनी असणार, तिला आणखी आठ तासांनी काय होतं. सगळी कारणं खरी होती. पण कारणांच्या खाली जे होतं ते असं, की मला डोंगर बघायचा होता.

खट्. खुर्च्या. पोलादी तारेला टांगलेल्या, वर जाणाऱ्या रिकाम्या लाकडी खुर्च्या, आणि वर्गात 'आँ' असा आवाज. धर्माजी सांगत होता, ह्या चालत्या खुर्चीत बसायचं, ती थांबत नाही. मागून कोणीतरी विचारलं, आणि पडलं तर? साहेबांना ते कळलं नाही, ते हसून 'येस, येस' म्हणाले. त्या दिवशी पुढच्या खुर्चीत हॅन्सन नवराबायको बसले होते. मागच्या खुर्चीत तो एकटा.

त्याच्या पायांखालची जमीन गेली आणि आवाजही गेले. एवढी शांतता त्यानं कधी ऐकली नव्हती. आमच्याकडे रानातही काहीतरी बोलत असतं, मोट, होला, लांबची बैलगाडी. इथे खाली नुसता पांढरा उतार, त्यावर कोणाच्या तरी पावलांची एक ओळ, मध्येच संपलेली. तार दर खांबाशी एकदा खडखडे आणि पुन्हा गप्प. वाऱ्यात नाकाला लोखंडासारखा वास येत होता. आणि छातीवर, कापडाच्या तीन थरांखाली, तो कागद. त्या आठवड्यात कारखान्यात आम्हांला बिघाड शोधायची रीत शिकवली होती. हॅन्सन साहेबांनीच. वाफ कुठून गळते कळत नसेल तर अंदाज करत बसू नका. पहिल्या व्हॉल्वपासून सुरुवात करा. तो तपासा, ठीक असेल तर खडूनं फुली मारा, पुढे चला. घाई नाही. ज्याच्यावर शेवटी फुली नसेल, तो. तो खुर्चीत पाय लोंबकळत बसला होता आणि त्याचं मन, त्याला न विचारता, खडू घेऊन निघालं.

आत्या साखरबाई. सत्तरीची, विधवा, दम्याची. पहिल्यांदा तिच्यापाशी थांबला, बराच थांबला. पण साखरबाईसाठी रामकिसन वेगळं हवाई पत्र टाकणार नाही, पुढच्या पत्रात एक ओळ घालील. फुली. रामकिसन. पण अक्षर रामकिसनचंच होतं. फुली. वहिनी. वहिनी गेली असती तर अक्षर असं सरळ आलं नसतं. फुली. सुगंधा. इथे खुर्ची खांबावरून खडखडत गेली, आणि तेवढ्यात त्यानं न तपासताच फुली मारली. मंदाचं नाव त्यानं घेतलंच नाही. तिच्या जागी पांढरं ठेवून तो पुढे गेला. मग एकच उरली. एकसष्ट वर्षांची, उन्हात पाय पसरून बसणारी, गोजराबाई. त्यानं तपासून पाहिलं. जमत होतं. वयात बसत होतं. किरियेला रामकिसन आहे, थोरला तोच. शिक्षणाचा दीड महिना उरलाय, मध्येच सोडून जायला लागणार नाही, जाऊनही आता काय उपयोग. सगळे सांधे बसत होते. वरचा खांब जवळ आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्याला हलकं वाटतंय. कुठे गळतंय ते सापडल्यावर वाटतं, तसं. त्यानं छातीवर हात ठेवला तो त्यानंतर, वर उतरून उभा राहिल्यावर.

वर शिकाऊ लोकांसाठी एक लहान उतार होता. हॅन्सन साहेबांनी गुडघे वाकवायला सांगितलं, वजन पुढे टाकायला सांगितलं. तो निघाला. दहा-बारा हात तो खरोखर घसरत गेला, सरळ, काही न करता, आणि त्या दहा-बारा हातांत त्याला आई नव्हती, गाव नव्हतं, कोणी नव्हतं. मग पट्ट्या एकमेकींवर चढल्या आणि तो डोक्यावर आपटला. टोपी उडाली. बर्फ केसांत, कानांत, मानेवरून आत पाठीपर्यंत गेला आणि पाठीवर विरघळून पाणी होऊन खाली उतरायला लागला. तो तसाच पडून राहिला. पाणी डोक्यावरून गेलं. झालं, त्याला वाटलं. आंघोळ झाली. तिथे बर्फात पालथा पडून तो थोडा वेळ रडलाही. हॅन्सन बाई हात धरून उठवायला आल्या तेव्हा त्याचे ओले गाल बघून, पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं, असं काहीसं त्या म्हणाल्या. मग त्यांनी लाकडी घरात नेऊन त्याला गरम कोको दिला. तो दोन कप प्याला.

खट्.

लाकडी घर. खिडकीशी कोको पिणारा कोणी नव्हता, नुसती खिडकी होती. मी घामानं भिजलो होतो. शेजारी आई मांडीवर हात ठेवून पडद्याकडे बघत होती. तिला मोतीबिंदूची सुरुवात आहे, मुंबईच्या डॉक्टरांकडे मी तिला दोनदा नेलंय. तिला दूध दोन वेळा. तिला खाट, आम्ही खाली. तिच्या गुडघ्यांना रात्री तेल मी लावतो, सुगंधाला लावू देत नाही. तिकडून परत आलो आणि पहिल्या दिवाळीला तिला घेऊन आलो, तेव्हापासून सात महिने ती इथे आहे, आणि महिनाभरापासून जाते म्हणते. इथं माझं काय हाय, म्हणते. समुद्राच्या वाऱ्यानं भाकरी मऊ पडते, बोलायला मानूस नाही, पिंपातल्या पाण्यासारखं मला झाकून ठेवलंय तुम्ही. मी नाही म्हणतो. आधी डोळ्याचं होऊ दे, मग पावसाळा जाऊ दे. परवा मी तिच्या ताटात तिसऱ्यांदा तूप वाढलं तेव्हा तिनं ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाली, "एवढं कामून करायलास? मी काय मरायले का?" तिला काय सांगणार, की तू मेलीस. सव्वा वर्षापूर्वी एका शनिवारी दुपारी तू मेलीस, मी रडलो, आंघोळ केली, त्यावर कोको प्यालो. त्या संध्याकाळी म्हाताऱ्या बाईंच्या फाटकाबाहेर, दिव्याखाली उभं राहून पत्र उघडलं तर त्यात सगळे खुशाल होते. गाय व्याली, गोऱ्हा झाला. ज्वारी बरी आहे. आई म्हणते, पत्र का टाकत नाहीस. आणि फाटक्या कोपऱ्यानं अर्धी नेलेली एक ओळ: 'मंदा आता'. मंदा आता काय, ते गेलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी दिव्याखाली उभा राहून तो माझ्यात शोधत होतो. पण माझं जे काही त्या बातमीसाठी होतं ते डोंगरावर खर्च झालं होतं, आणि आता एक जिवंत बाई पत्रातून मला विचारत होती की तू का लिहीत नाहीस. मी त्याच रात्री चार पानं लिहिली. तेव्हापासून मी तिची सेवा करतोय. आणि तेल लावताना मला तिच्या गुडघ्याची ऊब लागते तेव्हा, दर वेळी, आधी क्षणभर आश्चर्य वाटतं.

मशिन बंद झालं, घोंगड्या निघाल्या, आणि ऊन एकदम आत आलं तशी सगळी माणसं डोळे बारीक करून एकमेकांकडे बघायला लागली. हॅन्सन साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. फोटो हवा का, विचारलं. मी नको म्हणालो, मग हो म्हणालो.

सुगंधा मंदाला घेऊन धर्माजीच्या बायकोबरोबर पुढे गेली. मी आणि आई मागे राहिलो. आई सावकाश चालते, आणि मी तिच्या कोपराला धरून चालतो. सुरूच्या झाडांमधून समुद्र दिसत होता, त्याच्या अलीकडे प्रकल्पाची अर्धी उभी भिंत, क्रेन, रविवार म्हणून सगळं थांबलेलं. आईनं कोपर सोडवून घेतलं.

"काही नाही म्हनलास. काही नसल्यावर मानूस असा हात धरतं का?"

"पत्र होतं," मी म्हणालो.

"कुनाचं?"

"तुमचंच. रामकिसनदादानं लिहिलेलं. कोपरा फाटलेलं."

ती चालायची थांबली. मी थांबलो नाही, दोन पावलं पुढे गेलो, आणि तिच्याकडे पाठ असतानाच उरलेलं सांगितलं. दिवसभर उघडलं नाही ते सांगितलं. खुर्ची सांगितली, खडू सांगितला, कोणाकोणावर फुली मारली ते सांगितलं. बर्फात पडलो, डोक्यावरून पाणी गेलं ते सांगितलं. कोकोचं सांगायचं नव्हतं, तेही सांगितलं. माझा आवाज मला शिफ्टचा अहवाल वाचल्यासारखा ऐकू येत होता.

"मग शेवटी कोन ऱ्हायलं?" तिनं विचारलं.

"तू."

मी वळलो. ती सुरूच्या खोडाला हात लावून उभी होती आणि जमिनीवरची सुकी सुया-पानं पायाच्या अंगठ्यानं बाजूला सारत होती. ओरखडून एवढीशी मोकळी जागा तिनं केली. मग म्हणाली, माझ्याकडे न बघता:

"कोपरा मीच फाडला होता."

मला कळलं नाही.

"दोन महिने तुझं पत्र नाही. दादा म्हनला, कामात असंल. मी म्हनलं, आमची पत्रं तरी उघडतंय का हे पोरगं, का ठेवायलंय तशीच. दादानं पेटीत टाकायला माझ्याकडं दिलं. पेटीपाशी उभी ऱ्हायले आन् फाडला. फाटका कोपरा बगितला की मानूस हातातलं टाकून वाचतं." ती थांबली. "घरावर अभद्र वढून घ्यायले, हे कळत होतं मला. मारुतीला नारळ फोडला नंतर. सुगंधाला बी नाही सांगितलं."

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिच्या चेहऱ्यावर लहान पोरानं काहीतरी फोडल्यावर असते तशी तयारी होती, बोलून घे म्हणणारी.

"आन् तू दिवसभर ठेवलंस," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. एखादं माप घ्यावं आणि बोलून दाखवावं, तसं. मग चालायला लागली, मला ओलांडून पुढे. "माझं नाव घेतलंस ते बराबर केलंस. लेकराचं घेतलं असतंस त तुझं तोंड बगितलं नसतं मी. पन मेलेल्या मानसाला इतकं तूप कुनी वाढतं का? त्या दिसापासून तू माझं वर्षसराद्धच घालायलास." थोडं पुढे जाऊन तिनं मागे हात केला, कोपर माझ्या हाताशी येईल असा. "आता मला जाऊ दे."

मंगळवारी सकाळी नागोराव फिटर रजेवर पूर्णेला निघाला होता. त्याच्या सोबतीनं तिला पाठवायचं ठरलं. बोईसर स्टेशनवर गर्दी नव्हती. वाणगावच्या बाजूनं सिग्नल पडला होता. फलाटावर घोलवडच्या चिकूच्या दोन पाट्या, एक झोपलेलं कुत्रं, आणि आम्ही. मंदा आजीच्या गाठोड्यावर बसली होती. पत्रातली तिची अर्धी ओळ मी आईला विचारली. मंदा आता काय? आईनं आठवून बघितलं. आठवलं नाही. चालायला लागली असंल, म्हणाली, नाहीतर बोलायला. काहीतरी करायलीच असंल.

नागोराव पाणी भरून आणायला गेला. लांब धूर दिसायला लागला. मला जे विचारायचं होतं ते दोन दिवस तोंडात होतं, आणि आता विचारलं नसतं तर ते पुन्हा कुठल्यातरी खिशात गेलं असतं.

"आई, पुन्हा तसं पत्र आलं तर मी काय समजू? गेलीस म्हणून, का बोलावतेस म्हणून?"

तिनं मंदाला गाठोड्यावरून उठवलं, गाठ सोडली, पुन्हा आवळून बांधली.

"समजायचं काय त्यात," ती म्हणाली. "निघायचं."